नव्याचे नऊ दिवस संपले की साईड प्रोजेक्ट का अडतो? उत्तर कोल्हापूरच्या एका कॅमेऱ्यात आहे

शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम यांचा सामना रंगलाय. दोन्ही संघ शिवाजी पेठेतले. त्यामुळं निम्मी पेठ इकडं आणि निम्मी तिकडं. मॅच संपते, पोरं परत येतात आणि उभा मारुती चौकात नेहमीचा वाद पेटतो. मागच्या सीझनला कुणाचे गोल जास्त होते? त्या बॅकला किती यलो कार्ड मिळाली होती? आवाज सगळ्यांचा मोठा, पण पक्का आकडा कुणाकडंच नाही.

समजा, त्या घोळक्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक पोरगा आहे. त्याच्या डोक्यात येतं, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगचं ॲप आपणच का बनवू नये? सगळे सामने, सगळे गोल, सगळी कार्डं एका जागी.

त्याच रात्री गिटहबवर रिपॉझिटरी तयार होते. ॲपला नाव मिळतं, लोगोही होतो. पहिले चार दिवस पोरगा रात्री दोनपर्यंत जागतो. लॉगिनचं पान तयार होतं, डार्क मोड येतो, डेटाबेसमध्ये अठरा टेबलं होतात. दोस्तांना स्क्रीनशॉट जातात, "नाद खुळा" म्हणून रिप्लाय येतात. मग कॉलेजची परीक्षा लागते. परीक्षा झाल्यावर कोड उघडला तर आपणच काय लिहिलंय ते कळत नाही. "उद्या निवांत बसू" म्हणत लॅपटॉप बंद होतो.

पुढचा सीझन सुरू होतो. चौकात तोच वाद, तेच आवाज. ॲप मात्र लॉगिनच्या पानावर थांबलेलं.

पोरगा काल्पनिक आहे, पण कोड लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये असं एखादं अर्धवट फोल्डर सापडतं. आपल्याकडं अशा माणसासाठी शब्द तयारच आहे, आरंभशूर. तो ऐकला की माणूस स्वतःलाच आळशी ठरवून मोकळा होतो. पण आळशी माणूस रात्री दोनपर्यंत जागून लॉगिनचं पान बनवत नाही. मग घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

अडचण सुरुवातीला नसते, ती मध्ये असते

ॲंड्रिया बोनेझी, मिगेल ब्रेंडल आणि मातेओ द अँजेलिस या अभ्यासकांनी 2011 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं, की कामाच्या सुरुवातीला माणूस "किती अंतर कापलं" ते मोजतो. पहिलं पाऊल शून्यावरून पडलेलं असतं, म्हणून ते मोठं वाटतं. शेवटाकडं आल्यावर तो "किती राहिलं" ते मोजतो. तिथंही प्रत्येक पाऊल मोठं वाटतं, कारण उरलेलं अंतर थोडं असतं. मध्ये मात्र दोन्ही टोकं लांब असतात. आज केलेल्या कामानं काहीच हललं नाही असं वाटतं आणि उमेद तिथंच खचते.

प्रोग्रामिंगमध्ये हा मधला टप्पा जास्तच त्रास देतो. सुरुवातीला दिसणारं काम असतं. रंग, बटणं, पानं. मध्यावर न दिसणारं काम येतं. एकाच खेळाडूचं नाव तीन जागी तीन प्रकारे लिहिलंय, ते एक करायचं. सामना रद्द झाला तर गुणतक्ता बिघडतो, ते शोधायचं. चार तास घालवून स्क्रीनवर फरक शून्य. त्याचा स्क्रीनशॉट पाठवता येत नाही आणि "नाद खुळा" म्हणायलाही कुणी येत नाही.

म्हणजे पहिल्या आठवड्यातला उत्साह खोटा नव्हता. तो नवेपणातून आला होता आणि नवेपणाबरोबर गेला.

"पंधरा दिवसांत उरकतो" हा अंदाज कुणाचाच खरा ठरत नाही

दुसरी गोची अंदाजाची. कॅनडात रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी 1994 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. मग विचारलं, सगळं उलटंपालटं झालं तर? उत्तर आलं सुमारे 49 दिवस. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस लागले. म्हणजे सगळं बिघडेल असं गृहीत धरूनही लोकांचा अंदाज कमीच पडला.

हे फक्त विद्यार्थ्यांचं होतं असंही नाही. डोनाल्ड नुथ हे संगणकशास्त्रातलं मोठं नाव. त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची छपाई त्यांना पसंत पडली नाही, म्हणून 1977 साली त्यांनी अक्षरजुळणीचं स्वतःचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याचं नाव टेक. 1978 च्या अभ्यासरजेत ते उरकेल असा त्यांचा हिशोब होता. प्रत्यक्षात टेकची रचना स्थिरावायला 1989 उजाडलं. आज जगभरातले गणिताचे शोधनिबंध त्यावर छापले जातात.

अंदाज नुथ यांचाही चुकला आणि पेठेतल्या पोराचाही. फरक एवढाच, की वेळ हुकल्यावर पोरानं स्वतःला नालायक ठरवलं. नुथ यांनी अंदाजाला चुकीचं ठरवलं आणि काम चालू ठेवलं.

आता येऊया कॅमेऱ्याकडं

शिवाजी पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर खरी कॉर्नर आहे. तिथं कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. रोज हजारो गाड्या त्याच्याजवळून जातात. या स्मारकामागं जी गोष्ट आहे ती थेट साईड प्रोजेक्टचीच आहे. फक्त तो प्रोजेक्ट कोडचा नव्हता, पितळ, लाकूड आणि भिंगांचा होता.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे भाऊबंद आनंदराव हे कोल्हापूरचे चित्रकार. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात दोघांचं नाव झालेलं, इतकं की आडनाव मागं पडून "पेंटर" हीच ओळख राहिली. 1913 साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा. तो स्वतःच बनवायचा असं त्यांनी ठरवलं.

हे किती अवघड होतं? सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्मची पट्टी सरळ धावत नाही. ती एक चौकट पुढं सरकते, क्षणभर अगदी स्थिर थांबते, तेवढ्यात झडप उघडते, प्रकाश आत येतो, झडप मिटते आणि पट्टी पुन्हा सरकते. सेकंदाला साधारण सोळा वेळा. आकडा आणि झडप यांचा मेळ केसभर जरी चुकला, तरी सगळं चित्र फासल्यासारखं उमटतं. खोक्यात बारीकशी फट राहिली तर फिल्म वाया जाते. आणि चूक झाल्याचं फिल्म धुतल्याशिवाय कळत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर कोड चालवल्यावर एररचा मेसेजही येत नाही, नुसती काळी पट्टी हातात पडते.

कॅमेऱ्याची जुळवाजुळव चालू असतानाच या दोघांनी सिनेमाचे खेळ दाखवायचा व्यवसाय सुरू केला. ही गोष्ट महत्त्वाची आहे. प्रोजेक्टरमध्येही फिल्म अशीच थांबत-थांबत सरकते. म्हणजे जे यंत्र बनवायचं होतं, त्याचं सख्खं भावंड कायम त्यांच्या हाताखाली होतं. शिवाय लोक काय बघायला येतात, हेही समोर दिसत होतं.

आणि मग 1916 साली आनंदराव वारले.

प्रोजेक्ट अर्धवट, आणि ज्याच्यासोबत तो सुरू केला तो माणूसच गेला. प्रोजेक्ट सोडायला याहून मोठं कारण काय असणार? बाबूरावांनी तो सोडला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्यांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेतलं. 1918 साली चालणारा कॅमेरा तयार झाला. या कॅमेऱ्याच्या जोरावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं.

दामल्यांचंही पुढं बघा. दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायला ते बसले होते. 1929 साली कोल्हापुरातच सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांत ते होते. फत्तेलालांसोबत त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 1936 च्या 'संत तुकाराम' चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात सन्मान झाला.

या गोष्टीतून "जिद्द असेल तर काहीही होतं" एवढंच काढलं तर हाती काही लागत नाही. जिद्द होतीच. पण त्या भोवतीची मांडणी बघण्यासारखी आहे. चित्रकलेत नाव होतं, हुन्नर होता, म्हणजे पोट कॅमेऱ्यावर अवलंबून नव्हतं. सिनेमाचे खेळ दाखवल्यामुळं हात त्याच विषयात राहिला. एक माणूस गेल्यावर दुसऱ्याला सोबत घेतलं. आणि कॅमेरा हे मुक्कामाचं ठिकाण नव्हतंच, सिनेमा होता. काम पुढं नेणारी मांडणी असेल तर मूड नसलेले दिवसही निघून जातात.

मग कोडच्या प्रोजेक्टची मांडणी कशी करायची?

1. आधी चालणारी छोटी गोष्ट, मग बाकीचं. लॉगिन, डार्क मोड आणि अठरा टेबलं हा पाया वाटतो, पण त्यातलं काहीच कुणाच्या कामाचं नाही. फुटबॉलच्या ॲपची पहिली आवृत्ती म्हणजे एकच पान, आणि त्यावर आजच्या सामन्याचा निकाल. डेटाबेस नाही, साधी फाईल चालेल. पुढच्या आठवड्यात त्यात गोल करणाऱ्यांची नावं. त्याच्या पुढच्या आठवड्यात गुणतक्ता. कुठंही थांबलं तरी हातात काहीतरी चालणारं राहतं.

लिनक्सची सुरुवात अशीच झाली. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून घ्यायचं होतं, म्हणून त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहिला. मग फाईल उतरवून ठेवायची गरज पडली, म्हणून डिस्कचा भाग लिहिला. असं करत-करत ती ऑपरेटिंग सिस्टीम होत गेली. ऑगस्ट 1991 मध्ये त्यानं ती जाहीर केली तेव्हाही हा फक्त छंद आहे, असंच सांगितलं होतं.

2. एक तरी वापरणारा माणूस शोधा. निकालाचं ते एक पान तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, की दहा मिनिटांत कुणीतरी म्हणेल, "तो गोल त्याचा नव्हताच, शेवटचा टच दुसऱ्याचा होता." हा त्रास वाटेल, पण प्रोजेक्टला मिळालेलं इंधन हेच. आता दुरुस्ती केली नाही तर चौकात उत्तर द्यावं लागणार.

मात्र "मी असं ॲप बनवणार आहे" ही घोषणा करणं आणि बनवलेलं दाखवणं यात फरक आहे. पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांच्या 2009 सालच्या प्रयोगांत असं दिसलं, की आपल्याला काय बनायचंय याचा संकल्प दुसऱ्यांनी दखल घेण्याइतका उघड झाला, की त्यामागची मेहनत उलट कमी होते. कौतुक आधीच मिळून गेलेलं असतं. त्यामुळं स्टेटसवर लोगो टाकण्यापेक्षा चालणारी लिंक टाका.

3. वेळ ठरवू नका, प्रसंग ठरवा. "रोज वेळ मिळेल तसं बसेन" हे वाक्य कधीच खरं होत नाही. त्याऐवजी "रात्री जेवून ताट उचललं की लॅपटॉप उघडायचा आणि यादीतला पहिला बग घ्यायचा" असं जोडून टाकायचं. अशा "जर हे झालं तर ते करेन" पद्धतीच्या 94 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2006 साली घेतला गेला. नुसत्या इच्छेपेक्षा हा मार्ग ठळकपणे जास्त लागू पडतो, असं त्यात दिसलं. कारण ऐनवेळी बसायचं की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

4. उठताना उद्याचं पहिलं पाऊल लिहून ठेवा. परीक्षेनंतर कोड उघडल्यावर काही कळलं नाही, तिथंच पोराचा प्रोजेक्ट अडला होता. उठण्यापूर्वी तीन ओळी लिहायच्या. आज काय झालं, काय अडलंय, उद्या कोणत्या फाईलमध्ये काय करायचं. लेखक हेमिंग्वे सांगायचा, की पुढं काय घडणार हे माहीत असतानाच त्या दिवसाचं लिखाण थांबवावं. कोडमध्ये तर हे आणखी सोपं. एक टेस्ट मुद्दाम फेल होत असलेली सोडायची. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं, ते कॉम्प्युटरच दाखवतो.

5. झालेलं काम दिसेल असं ठेवा. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी 238 नोकरदारांच्या रोजनिशीतल्या सुमारे 12,000 नोंदी तपासल्या. चांगला गेलेला दिवस म्हणजे कोणता? बोनस किंवा शाबासकीचा नव्हे, तर ज्या दिवशी मन लागलेल्या कामात थोडी का होईना प्रगती झाली तो. मधल्या टप्प्यात ही प्रगती स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून ती कागदावर दिसायला हवी. भिंतीवर बगची यादी आणि त्यावर मारलेल्या रेघा, एवढं पुरतं.

6. साखळीच्या नादी लागू नका. गिटहबवर पूर्वी सलग किती दिवस काम केलं याचा आकडा दिसायचा. 2016 साली तो काढून टाकला. त्यानंतर काय झालं याचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा गेल्यावर लांबलचक साखळ्या तुटल्या आणि दिवसाला नुसतं एक कमिट टाकून मोकळं व्हायचं प्रमाण घटलं. म्हणजे बरेच जण प्रोजेक्टसाठी कमी आणि आकड्यासाठी जास्त राबत होते. शिवाय साखळीचा तोटा असा, की एक दिवस चुकला की सगळंच संपल्यासारखं वाटतं. आठवड्यातून चार दिवस बसलात तरी वर्षात दोनशेच्या वर बैठका होतात.

शेवटचे दहा टक्के

इतकं सगळं जमलं तरी अजून एक खड्डा असतो. बेल लॅब्समधल्या टॉम कारगिल यांच्या नावावर एक गमतीचा नियम सांगितला जातो. पहिल्या 90 टक्के कोडला ठरवलेल्या वेळेतला 90 टक्के वेळ लागतो. उरलेल्या 10 टक्के कोडला आणखी 90 टक्के. बेरीज 180 भरते, आणि नियमातली मेख तीच आहे.

फुटबॉलच्या ॲपमध्ये हे दहा टक्के कोणते? स्टेडियमवर गर्दीत नेट चालत नाही तेव्हा काय? जुन्या फोनवर पान उघडतं का? एकाच नावाचे दोन खेळाडू दोन संघांत आले तर? प्रत्येक गोष्ट लहान, पण संपता संपत नाहीत. आणि नेमक्या याच वेळी डोक्यात दुसऱ्या ॲपची आयडिया येते. नवी आयडिया कायम सोपी वाटते, कारण तिचा मधला टप्पा अजून दिसलेला नसतो. तिच्यामागं गेलं की एक ना धड, भाराभर चिंध्या.

यावर उपाय दोन. पहिला, "झालं" म्हणजे काय ते सुरुवातीलाच पाच ओळींत लिहून ठेवायचं, आणि त्याबाहेरचं सगळं "नंतर" नावाच्या फाईलमध्ये टाकायचं. नवी आयडियासुद्धा तिथंच. दुसरा, तारीख बाहेरच्या जगातली घ्यायची. "महिनाअखेर" कधीही पुढं ढकलता येतो. लीगचा पहिला सामना मात्र ॲपसाठी थांबत नाही. त्या दिवशी जे चालतंय ते लोकांना द्यायचं, बाकीचं पुढच्या आवृत्तीत.

आणि सोडायचंच असेल तर?

सगळे प्रोजेक्ट पूर्ण करायलाच हवेत असं काही नाही. काही फक्त शिकण्यासाठी असतात. शिकून झालं की त्यांचं काम झालं. काहींची गरज दुसऱ्या कुणाच्या ॲपनं भागते. अशा वेळी प्रोजेक्ट सोडणं चुकीचं नाही, तो टांगता ठेवणं त्रासाचं आहे. कारण टांगलेलं काम डोक्यात जागा अडवतं आणि पुढचं काही सुरू करताना "मागचं कुठं केलंस?" म्हणून टोचत राहतं.

म्हणून सोडायचं तरी रीतीनं. काय बनवायचं होतं, कुठपर्यंत आलं, काय शिकलो आणि का थांबलो, हे एका पानावर लिहायचं. कोड खुला करून गिटहबवर "अर्काइव्ह" करायचा. म्हणजे उद्या कुणाला तो उचलावासा वाटला तर शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. कधीकधी आपलं अर्धं काम पुरं करणारा दामले दुसराच कुणीतरी असतो.

पण ज्या प्रोजेक्टचा विचार महिन्यांनंतरही डोक्यातून जात नाही, तो बहुतेक सोडायचा नसतो. त्यासाठी मूड यायची वाट बघण्याची गरज नाही. पेठेतल्या त्या पोरानं आज रात्री ताट उचलल्यावर अठरा टेबलं बाजूला ठेवावीत, एक फाईल उघडावी आणि कालच्या सामन्याचा निकाल तिच्यात टाकावा. उद्या चौकात वाद पेटला की फोन पुढं करता येईल.